मुद्रेवरचं नाव : रांझ्यापासून घोलवडपर्यंत

घोलवड सोडून समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला निघालं की बोर्डी लागतं, मग झाई, आणि त्यापुढे उंबरगाव. झाई आणि उंबरगाव यांच्यामध्ये राज्य बदलतं. सुरूची बनं तीच, वाळू तीच, बाजारात बोलली जाणारी मराठी-गुजरातीची सरमिसळही तीच. बदलतं ते कागदावरचं चिन्ह. पलीकडच्या सरकारी पत्रावर सारनाथचे सिंह दिसतात, कारण गुजरातनं राज्यचिन्ह म्हणून राष्ट्राचंच चिन्ह स्वीकारलं आहे. अलीकडच्या पत्रावर समई दिसते. महाराष्ट्रानं स्वतःची वेगळी मुद्रा ठेवली. तिच्या मधोमध समई आहे, भोवती कमळदळांची नक्षी आणि त्याबाहेर गोलाकार फिरणारं संस्कृत वचन.

मुंबई-पुण्याच्या माणसाला ही मुद्रा इतकी सवयीची झालेली असते की तिच्याकडे लक्ष जात नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात तसं नाही. इथल्या कागदांवर कुणाचा शिक्का बसायचा, हा प्रश्न इथल्या माणसांनी गेल्या तीनशे वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिला. त्यामुळे महाराष्ट्राच्या मुद्रेची वाटचाल सांगायला राज्याचं हे टोक सोयीचं आहे.

राजाचं नाव

या वाटचालीचा आरंभ पुण्याजवळच्या रांझे गावात होतो. शिवाजी महाराजांच्या मुद्रेचं जे पत्र सर्वांत जुन्या पत्रांत गणलं जातं, ते २८ जानेवारी १६४६ चं आहे. रांझ्याच्या पाटलानं, बाबाजी गुजरानं, बदअंमल केला. चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला, हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटिलकी काढून घेतली गेली. त्या निवाड्याच्या पत्रावर अष्टकोनी मुद्रा आहे.

त्या मुद्रेत दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली म्हणजे भाषा. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, जिजाबाईंचीही फारसीत. दक्षिणेतल्या दरबारी व्यवहाराची ती रीतच होती. शिवाजी महाराजांच्या मुद्रेनं संस्कृत घेतलं. दुसरी म्हणजे मजकूर. त्या काळच्या मुद्रांवर धन्याचं नाव, किताब, देवाचा कौल हे सगळं असे. या मुद्रेत नाव आहे, पण वाक्य नावापाशी थांबत नाही. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगानं वंदावी अशी ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय आहे. प्रतिमेची निवडही पाहण्याजोगी आहे. पूर्णिमेचा चंद्र मोठा असतो, पण दुसऱ्या दिवसापासून तो घटत जातो. प्रतिपदेची कोर नजरेला जेमतेम लागते, पण तिचं सगळं पुढेच असतं. हाती थोडके किल्ले असताना अशी प्रतिमा मुद्रेवर कोरणाऱ्यानं आपलं राज्य आज केवढं आहे याची जाहिरात केली नाही, ते कुठल्या दिशेला जाणार आहे ते सांगितलं.

पत्राच्या माथ्यावर ही मुद्रा आणि मजकुराच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा, अशी पद्धत होती. शेवटच्या मुद्रेचं काम अगदी व्यवहारी होतं. मजकूर इथं संपला, याखाली कुणी एक ओळही घुसडू नये, एवढंच ती सांगे. वरची मुद्रा अधिकार सांगत असे, खालची त्या अधिकाराची हद्द.

पण मुद्रा होती ती एका माणसाची. गादीवर संभाजी महाराज आले तेव्हा मुद्रा बदलली, आकारही बदलून पिंपळपानाचा झाला. राजाराम महाराजांची आणखी वेगळी. पेशव्यांच्या शिक्क्यावर पेशव्याचं नाव येई ते छत्रपती शाहूंच्या नावाखाली, त्यांचा मुख्य प्रधान म्हणून. आपण कुणाचे चाकर आहोत हे शिक्क्यातच लिहावं लागे. राजा गेला की त्याची मुद्राही बाजूला ठेवली जाई, नव्या राजाला नवी घडवावी लागे.

किनाऱ्यावरचे पाहुणे शिक्के

हे सगळं देशावर चाललं असताना डहाणूचा किनारा पोर्तुगिजांकडे होता. उत्तरेला दमण, दक्षिणेला वसई आणि मधे तारापूर, डहाणू अशी त्यांची ठाण्यांची माळ होती. त्यांच्या राजचिन्हात पाच लहान ढाली आणि भोवती किल्ल्यांची किनार. वारली, मांगेले, माछी यांच्या हातात असा कागद आला असेल तर त्यातलं एक अक्षरही त्यांच्या ओळखीचं नसणार.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत हा पट्टा मराठ्यांकडे आला. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि सगळा मुलूख इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. डोंगराकडच्या बाजूला जव्हारचं मुकणे घराण्याचं संस्थान मात्र टिकून होतं. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि तिथं जव्हारच्या राजाशी त्यांची भेट झाली, असं या भागात आजही सांगतात.

इंग्रजी अमलात संस्थानिकांच्या चिन्हांची एक वेगळीच घडी बसली. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाड्यांना निशाणं द्यायची होती. त्यासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या सनदी नोकरानं युरोपीय घराण्यांच्या धाटणीची चिन्हं रेखून दिली. मधे ढाल, दोन बाजूंना उभी जनावरं, खाली पट्टीवर बोधवाक्य. हिंदुस्थानातल्या अनेक संस्थानांच्या कागदांवर नंतर दिसणारी चिन्हं याच साच्यातली. महाराष्ट्राच्या आजच्या मुद्रेत ढाल नाही, तलवार नाही, जनावर नाही. मुद्दाम असो वा सहज, तो साचा तिनं टाळला आहे.

राज्याचं नाव

१९५० ते १९६० या दहा वर्षांत डहाणू-उंबरगावचा पट्टा कुणाचा, हा वाद पेटलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं आणि काही काळ वाद झाकला गेला. महागुजरात आणि संयुक्त महाराष्ट्र या दोन्ही चळवळींनी तो पुन्हा उघडा केला. डहाणूवरही गुजरातचा दावा होता. इथल्या पारशी-इराणी बागायतदारांची, व्यापाऱ्यांची भाषा गुजराती, घोलवड-बोर्डीपासून पारशांचं जुनं ठाणं संजाण हाकेच्या अंतरावर. पण डोंगरापर्यंत पसरलेल्या पाड्यांतली वारली बोली मराठीच्या कुळातली. शाळेतला फळा कुठल्या लिपीत लिहायचा, यावरून भांडण व्हावं अशी ही जागा होती.

१९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यानं रेघ ओढली. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची गावं वाटली गेली. काही गुजरातेत गेली. महाराष्ट्रात राहिली त्यांचा तलासरी महाल झाला, आजचा तलासरी तालुका. डहाणू तालुका आणि त्यातलं घोलवड महाराष्ट्रात राहिलं. १ मे १९६० ला मुंबईच्या राजभवनात पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचं उद्घाटन झालं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते गुजरात राज्य सुरू झालं.

या नव्या राज्याची जी मुद्रा ठरली, तिचं खरं कसब रचनेपेक्षा शब्दांच्या निवडीत आहे. तिच्या कडेनं फिरणारं वचन शिवाजी महाराजांच्या मुद्रेचंच आहे. तीच प्रतिपदेची कोर, तेच जगानं वंदणं, तोच कल्याणाचा शेवट. बदल केला तो फक्त एका जागी. जिथं शहाजीपुत्र शिवाचं नाव होतं तिथं महाराष्ट्र राज्याचं नाव बसवलं. छंदही बिघडला नाही. तीनशे वर्षांनी राजाच्या जागी राज्य आलं, आणि कुणा एकाचं नसल्यामुळे मुख्यमंत्री बदलला म्हणून मुद्रा बदलण्याचं कारण उरलं नाही. संभाजी महाराजांना नवी मुद्रा घडवावी लागली होती. १९६० नंतर सरकारं आली-गेली, मुद्रा तीच राहिली.

मधली समईही नीट पाहावी. पणती हातात धरून नेता येते, मशाल मिरवणुकीत चालते. समई एका जागी उभी राहते. तिच्या वाती कुणी तरी रोज सारख्या कराव्या लागतात, तेल घालावं लागतं. देवघरात, कीर्तनात, कार्यारंभाला ती लागतेच. राज्यकारभाराला असं घरगुती, रोज निगा मागणारं चिन्ह देणं हा साधा निर्णय नव्हे. शेजारी गुजरातच्या कागदावर जे चार सिंह आहेत त्यांची गोष्ट निराळी आहे. सारनाथचं ते स्तंभशीर्ष १९०५ मध्ये उत्खननात सापडलं. २६ जानेवारी १९५० ला ते राष्ट्राचं चिन्ह झालं. त्याचं रेखाटन नंदलाल बोस यांचे शांतिनिकेतनातले विद्यार्थी दीनानाथ भार्गव यांनी केलं. सिंह जिवंत वाटावेत म्हणून ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात सिंह पाहायला जात. एकाच समुद्रकिनाऱ्यावर काही किलोमीटरच्या अंतरानं अशी दोन चिन्हं नांदतात, एक दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडातून आलेलं आणि एक माजघरातून.

चिन्ह ठरलं, पण ते ज्या कागदावर बसायचं तो कागद अजून इंग्रजीत होता. ६ जुलै १९६० ला भाषा संचालनालय सुरू झालं. पदनामं, कार्यालयांची नावं, शेऱ्यांची वाक्यं मराठीत घडवायला त्यानं सुरुवात केली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं मराठीला कारभारात कायद्याचं स्थान दिलं. ‘तहसीलदार, डहाणू’ असा गोल शिक्का देवनागरीत उमटू लागला त्यामागे हे सगळं काम आहे.

अंगठा आणि शिक्का

मुद्रेचा इतिहास सांगताना तिच्या दुसऱ्या बाजूचा माणूस विसरला जातो. कागदावर वर शिक्का असतो, खाली अंगठा. या पट्ट्यातल्या वारल्यांचा कागदाशी संबंध पिढ्यान्‌पिढ्या अंगठ्यापुरताच होता. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांवर अंगठा उठवायचा आणि जन्मभर नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. अशा वेठबिगाराला ‘लग्नगडी’ म्हणत. कागदात काय लिहिलं आहे ते त्याला कळत नसे, शिक्का आहे म्हणजे खरं असणार एवढंच कळे.

२३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी उभ्या केलेल्या किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मारले गेले. गोदाताईंनी हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे.

त्याच १९४५ मध्ये बोर्डीत आणखी एक काम सुरू झालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ, म्हणून अंगणात, कुरणात वर्ग भरू लागले. १९४५ च्या दोन्ही कामांचा परिणाम शेवटी कागदावर दिसला. अंगठ्याच्या जागी सही आली.

२००६ च्या वनहक्क कायद्यानंतर मिळालेला पट्टा हातात घेऊन पाहावा. त्यावर नवऱ्याचं आणि बायकोचं अशी दोघांची नावं असतात, कसत असलेल्या जमिनीचं क्षेत्र असतं आणि खाली जिल्हाधिकारी, वन अधिकारी, आदिवासी विकास अधिकारी यांच्या सह्या-शिक्के. ती जमीन विकता येत नाही, वारसानं पुढे जाते. ज्या जोडप्याला एकेकाळी कागदानं सावकाराशी बांधलं होतं, त्याच जोडप्याची नावं आता शिक्क्याखाली हक्कदार म्हणून येतात. कल्याणासाठी शोभते, हे मुद्रेचं म्हणणं या टोकाला खरं ठरायला इतका वेळ लागला, आणि सगळे दावे अजूनही निकाली निघालेले नाहीत.

गावाचं नाव

घोलवडच्या वाट्याला पुढे आणखी एक मोहोर आली, आणि तिच्यावर गावाचंच नाव होतं. महाराष्ट्रात चिकूची लागवड पहिल्यांदा १८९८ मध्ये घोलवडला झाली, असं फळबागशास्त्राची पुस्तकं सांगतात. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड इथल्या चुनखडीयुक्त मातीत आणि खाऱ्या वाऱ्यात असं रमलं की पारशी-इराण्यांच्या वाड्यांतून ते सगळ्या पट्टीत पसरलं. ‘काळीपत्ती’ ही इथली मुख्य जात. गडद पानं, अंडाकृती फळ, पातळ साल, आणि पिकल्यावर कणीदार गोडी.

पण मुंबईच्या हातगाडीवर कुठलाही चिकू ‘घोलवडचा’ म्हणून खपे. नाव गावाचं, फायदा दुसऱ्याचा. त्यावरचा कायदेशीर उपाय म्हणजे भौगोलिक मानांकन. देशात त्याचा कायदा १९९९ ला झाला, अंमल २००३ पासून, नोंदणीचं कार्यालय चेन्नईत. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघानं अर्ज केला आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ची नोंद झाली. त्याआधी २०१४ मध्ये आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावर वारली चित्रकलेलाही मानांकन मिळालं होतं. २०२१ मध्ये डहाणू घोलवड चिकूची खेप मानांकनाच्या नावानं ब्रिटनला गेली.

राज्याची मुद्रा आणि हे मानांकन यांत मोठा फरक आहे. मुद्रा सरकार लावतं आणि लोक मानतात. मानांकन लोक मागतात आणि सरकार नोंदवतं. ते कुणा एका बागायतदाराचं होत नाही, त्या भूभागातल्या सगळ्यांचं असतं. मात्र संघाच्या नावावर नोंद झाली म्हणून प्रत्येकाला आपसूक खोक्यावर चिन्ह छापता येत नाही. बागायतदारानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. समईसारखंच इथंही तेल घालत राहावं लागतं. पावसाळ्यातली फळगळ, बी पोखरणारी अळी, तोडणीला न मिळणारे मजूर हे प्रश्न कुठलंही चिन्ह सोडवत नाही. पण लबाडीनं नाव वापरणाऱ्याला कायद्यानं अडवायची सोय आता गावाकडे आहे.

नाव खाली उतरतं आहे

गेल्या दहा-बारा वर्षांत इथल्या शिक्क्यांत आणखी बदल झाले. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर हा छत्तिसावा जिल्हा निघाला आणि घोलवडच्या ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत सगळ्यांच्या रबरी शिक्क्यांतलं ‘जि. ठाणे’ जाऊन ‘जि. पालघर’ आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला. त्यासाठी पालघरच्या सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी मागणी लावून धरली होती. राज्याच्या चिन्हांची यादी फक्त मुंबईत ठरते असं नाही, हे त्यातून दिसलं.

मूळ अष्टकोनी मुद्राही या काळात नव्या जागी गेली. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीमध्ये विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली त्या समारंभात नौदलाचं नवं निशाण फडकलं, आणि त्यातली अष्टकोनी चौकट शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतल्याचं सांगण्यात आलं. दुसरीकडे, मुद्रा पक्षाच्या झेंड्यावर घ्यावी की नाही यावर २०२० मध्ये राज्यात वाद रंगला. राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराला २००५ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले आहेत, तरी खासगी मोटारींवर चिन्ह मिरवण्याची हौस कमी होत नाही. ज्याचा अधिकार नाही त्यानं शिक्का लावला की मर्यादा मुद्रेची आठवण करून द्यावी लागते.

कागद स्वतःही बदलला. सातबारा आता डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला, त्यावर राज्य शासनाचं चिन्ह फिकट छापून येऊ लागलं. तलाठ्याची सही आणि शिक्का यांच्याऐवजी आता पडताळणीचा सांकेतिक चौकोन खात्री देतो. म्हणजे खरंखोटं ठरवण्याचं मुद्रेचं जुनं काम यंत्राकडे गेलं. तिच्याकडे उरलं ते तिचं वचन, आणि ते पाळलं जातं की नाही हे कुठलंही यंत्र तपासत नाही.

ते तपासण्याची जागा या पट्ट्यात कायद्यानंच दिलेली आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांमुळे एखादा पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा असते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी अशा गावांच्या ग्रामसभा कोषात येतो. कोषाचं बँकेत खातं लागतं, खात्याला ठराव लागतो आणि ठरावावर ग्रामसभेचा शिक्का. राजाच्या नावानं सुरू झालेली मुद्रा राज्याच्या नावापर्यंत आली, मग गावाच्या, आणि आता ती पाड्याच्या नावापाशी पोचली आहे. पाण्याची टाकी आधी की रस्ता आधी, हे ठरवून जो कागद निघतो त्यावर पाड्याचं नाव असतं. तो शिक्का ग्रामपंचायतीच्या खणात पडून राहतो की सभेत सगळ्यांसमोर उमटतो, यावर पुढची वाटचाल ठरेल.